आधी मोठा, मग छोटा

बाईंना काही समजावून सांगायचं असलं की त्या खिशातून रबरी नळीचा तुकडा काढायच्या. दोन बोटांत आवळून विचारायच्या, "पान्याला हात लावला का मी? न्हाई ना. भायेरनं दाबलं, पानी थांबलं."

त्या मूळच्या दौंडच्या. कारेगावात खोली घेऊन राहायच्या आणि आमच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायच्या. तुमच्याही कामावर असं एखादं माणूस असेल, एकच गोष्ट शंभरदा सांगणारं. आम्ही मागे त्यांना 'नळीबाई' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

नळीचं सगळं पुराण पत्रा दाबणाऱ्या एका जुन्या प्रेससाठी होतं. तिच्या बोर्डात हरभऱ्याएवढा एक जेफेट ट्रान्झिस्टर होता. त्यातून प्रवाह गेला की क्लच वरच्या फिरत्या चाकाला धरायचा आणि प्रेस खाली यायची. त्याच्या गेटवर उणे व्होल्टेज असलं की आतली वाट आवळायची आणि प्रवाह थांबायचा.

"ह्यो गडी मुळातच उघडा हाय," बाई म्हणायच्या. "दाबून धरलाय म्हनून गप बसलाय. सोडला की वाहायला लागंल."

गेटचं व्होल्टेज छोट्या स्विचवरून यायचं आणि मशीनची वीज मोठ्या स्विचवरून. म्हणून बाईंचा नियम होता, आधी मोठा बंद, मग छोटा. आमच्या लोकांच्या मात्र हे गळी उतरत नव्हतं. शेतावरची मोटर बटण बंद केलं की मुकाट्यानं थांबते. बंद केल्यावर एखादी वस्तू चालू होईल, हे पटणार कुणाला?

एका सकाळी प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा अडकला. निमोण्याचे मामा, आमचे जुने फिटर, घाईत मोठा स्विच चालूच ठेवून हात घालून बसले. वर चाक गरगरत होतं. ऑपरेटर शिवाला त्यांची काळजी वाटली. छोट्या स्विचवर बोट ठेवून तो म्हणाला, "थांबा मामा, बोर्ड बंद करतो, म्हंजी धोका न्हाई."

छोटा बंद झाला की प्रेस मामांच्या हातावर येणार होती.

बाई पलीकडच्या मशीनपाशी होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "शिवा, बोट हाय तिथंच ठेव. दाबू नगं. मामा, हात काढा."

"हातमोजा अडकलाय, बाई."

"मग हलू नगा."

त्या धावल्या नाहीत. धावल्या असत्या तर शिवा दचकला असता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. शिवाकडे बघत त्या चालत गेल्या आणि मोठा स्विच खाली ओढला. चाक तरी फिरतच होतं. ते थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग मामांनी हातमोजा आतच सोडून हात बाहेर काढला.

बाई खोक्यावर बसल्या. खिशातून नळी काढली, पण आवळता येईना. त्या दिवसानंतर मी त्यांना नळीबाई म्हटलं नाही. मला त्या फार आवडायला लागल्या होत्या.

पुढं ती प्रेस भंगारात गेली आणि काही वर्षांनी बाईही गेल्या, काविळीनं. दौंडला जलदान विधीला आम्ही शिरूरहून एस.टी.नं गेलो. मामाही बरोबर होते.

बाईंच्या फोटोसमोर सगळ्यांनी फुलं वाहिली. मामांनी आणली नव्हती. ते पुढं झाले, तळहात उघडून, दहाही बोटं पसरून फोटोसमोर धरले, लहान मूल दाखवतं तसे.

"हायती, बाई," म्हणाले. "समदी हायती." मग हात जोडले.