खोडलेलं ‘हळूहळू’

शनिवारी परीक्षा, रविवारी निकाल, सोमवारी बाकं बदलायची. लातूरच्या त्या क्लासचा हा रिवाज होता. जास्त गुणवाले पक्क्या इमारतीतल्या पहिल्या तुकडीत. घसरलेले मागं, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या सोमवारी मालविका दप्तर उचलून शेडकडं निघाली, तर रसायनशास्त्राच्या सुकन्या मॅडम वाटेत आडव्या उभ्या.

“कुठं निघालीस?”

“मागं. एका प्रश्नानं गेले, मॅडम.”

“कुठल्या?”

“तुमच्याच. रुथेनियमच्या.”

सुकन्यानं पेपर हातात घेतला. प्रश्न तिनंच काढला होता: रुथेनियम धातूच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले आहेत, धातू हळूहळू तापवला तर काय बाहेर पडेल? छापलं होतं नुसतं ‘ऊर्जा दिल्यास काय बाहेर पडेल?’ प्रश्न एका ओळीत बसला पाहिजे हा क्लासचे मालक व्यंकटी सरांचा दंडक. ओळ बसवायला त्यांनी ‘हळूहळू तापवला’ उडवून ‘ऊर्जा दिल्यास’ घातलं होतं. उत्तर मात्र जुनंच ठेवलं: फक्त कार्बन मोनॉक्साइड. मालविकानं ‘कार्बन डायऑक्साइडही’ यावर खूण केली होती आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘लेसर असेल तर.’

हे तिला सुकन्यानंच शिकवलं होतं. नांदेडला शिक्षकांच्या शिबिरात एका पाहुण्या शास्त्रज्ञानं लेसरचे हे प्रयोग सांगितले. बाकीचे चहाला उठले; सुकन्या पाहुण्याला धरून बसली. कळल्यासारखं वाटणं आणि कळणं यातला फरक तिला ठाऊक होता. घरी आल्यावर स्वतःशीच मोठ्यानं शिकवून पाहिलं, अडखळली, पुन्हा वाचलं. न अडखळता सांगता आलं तेव्हाच वर्गात तोंड उघडलं.

हट्टीपणा जुनाच. भूकंपात निलंग्याकडचं घर बसलं तेव्हा ती दहावीला होती. चुलते म्हणाले, आता पोरीचं लग्न उरकून टाका. ती म्हणाली, “मी पास झाल्याबिगर माझ्या लग्नाचं कुणी बोलायचं न्हाई.” बाप शिवमूर्ती पडलेल्या भिंतीचे दगड वेचत होता. मान वर न करता भावाला म्हणाला, “ऐकलंस न्हवं? चल, दगडाला हात लाव.”

आताही सुकन्या पेपर घेऊन तडक व्यंकटी सरांच्या खोलीत गेली.

“सर, मालविकाचा गुण द्या. तिचं उत्तर चूक नाही.”

“उत्तरतालिकेत काय हाय, मॅडम?”

“ते माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. छापलेला प्रश्न माझा नाही.”

“दोन शब्द काढले तर आभाळ कोसळलं का?”

“पंचमीला घरी लाह्या करता ना?”

“करत्यात. मग?”

“ओलवून ठेवलेली ज्वारी मंद आचेवर टाका. ओल हळूहळू निघून जाते, दाणा करपतो, फुटत नाही. तीच ज्वारी कडक तापलेल्या कढईत टाका. ओलीला निसटायला वेळच मिळत नाही. लाही होते. फरक फक्त वेळेचा.”

“लाह्या भाजायला शिकवायलात काय पोरांना?”

“लाही नुसतं उदाहरण. धातूवरचं पुढं ऐका.”

कार्बन मोनॉक्साइड धातूला सैल चिकटलेला असतो, ऑक्सिजन घट्ट. हळूहळू तापवलं की सैल असतो तो आधी उडून जातो. ऑक्सिजन हलायला लागेपर्यंत त्याच्या शेजारी कुणी उरत नाही. लेसरचा झटका वेगळा. सेकंदाचे लाख कोटी भाग करा. त्यातल्या एका भागापेक्षाही तो छोटा. तेवढ्यात धातूतले इलेक्ट्रॉन हजारो अंशांवर जातात आणि अणू अजून थंडच असतात. ते तापलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनची पकड ढिली करतात. कार्बन मोनॉक्साइड अजून शेजारीच असतो. दोघं जुळतात, कार्बन डायऑक्साइड होऊन निघतात.

सरांनी ऐकून घेतलं. “मोठ्या परीक्षेत हे येणार हाय का?”

“नाही.”

“मग?”

“मग विचारलात कशाला? विचारायचं तर पूर्ण विचारा.”

सरांचा आवाज चढला. “एकीला गुण दिला की उद्या सगळे पालक माझ्या दारात. वर्गात जाऊन सांगा, लेसरचं बोलले ते चुकून बोलले. न्हाईतर तुम्ही पण जावा पत्र्यात. शेवटची तुकडी घ्या.”

सुकन्या पहिल्या तुकडीवर गेली. फळ्यावर वर छापलेला प्रश्न लिहिला, खाली स्वतःचा.

“वरच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. ऊर्जा कशी दिली ते त्यात नाही. ज्यांना गुण मिळाला त्यांना तो फुकट मिळाला. मी शिकवलेलं मागं घेत नाही.”

पुढच्या बाकावरचा मुकुल म्हणाला, “मॅडम, म्हणजे आमचा पण कापणार का?”

वर्ग हसला.

“कापला तर कापला. कष्टानं परत मिळव.” तिनं खडू उचलले आणि शेडकडं चालू लागली.

शेडमध्ये पत्रा तापलेला. पोरं पेंगलेली. मागून एक जण ओरडला, “मॅडम, तुमचे किती मार्क गेले?”

“सगळे,” सुकन्या म्हणाली. “वह्या काढा.”

त्या तुकडीला आजवर नुसती उत्तरं पाठ करायला मिळत. सुकन्यानं पायापासून सुरुवात केली. नाही कळलं की फळा पुसायचा, पुन्हा मांडायचं. घसा बसला तरी तिनं एक पायरी गाळली नाही. पोरंही पेंगायची थांबली. उत्तर चुकलं की आता गप्प बसत नव्हती, का चुकलं म्हणून भांडत होती.

आठवडा संपायच्या आत व्यंकटी सर दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, पहिल्या तुकडीचं रसायन बंद पडलंय. चला. झालं गेलं सोडा. मालविकाला पण घ्या संगट.”

मालविका उभी राहिली. “सर, गुण देणार का?”

“बाक देतो की, बाई. पुढचं बाक.”

“गुण?”

“त्याचं आता काय घेऊन बसलीस?”

“मग मी हितंच बसते.” ती खाली बसली.

सर सुकन्याकडं वळले. “मॅडम, तुम्ही तरी समजवा तिला.”

“तिला समजलंय,” सुकन्या म्हणाली. “पहिल्या तुकडीला शिकायचं असेल तर इथं पाठवा. मागं जागा आहे.”

सुकन्यानं फळ्याकडं तोंड केलं.

“दुसरं समीकरण कुणाचं जुळलं?”

एकही हात वर आला नाही.

“मग माना वर कशाला? सोडवा.”