अकरा मुलांची मापं

समाजकल्याण खात्याच्या गोदामात व्हीलचेअर जोडायचं काम एक मिस्त्री करायचा. अंगानं काटकुळा, बोलायला फटकळ. सगळे त्याला पाना म्हणायचे. पूर्वी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. थोरल्या बहिणीचे पाय लहानपणीच गेले होते. तिच्यासाठी त्यानं दोन मोडक्या सायकलींची खुर्ची बनवली आणि ताईनं तीत बसून अख्खी गल्ली पालथी घातली. खात्यात अर्ज करायलाही त्याला तिनंच लावलं.

नव्या मंत्रीबाई आधी शाळेत शिकवायच्या. त्यांचा पहिलाच मोठा कार्यक्रम ठरला, बेचाळीस जणांना व्हीलचेअर वाटायचा. आदल्या दिवशी खोकी फोडली आणि पान्याच्या कपाळाला आठी पडली. सगळ्या खुर्च्या मोठ्या माणसाच्या मापाच्या. यादीत तर अकरा लहान मुलं!

"साहेब, पोरं बुडतील यात," तो गोदामाच्या साहेबांना म्हणाला.

"पाठीला उशी लाव. उद्या फोटो निघू दे, मग बघू. आणि तू तोंड बंद ठेव."

तेवढं एकच काम पान्याला आजवर जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई हॉल बघायला कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी आल्या. चणीनं इतक्या लहान, की माइकमागे त्यांच्यासाठी पाट ठेवला होता. पाना सरळ पुढे झाला.

"बाई, जरा यात बसून बघता?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र बसल्या. पाय खाली टेकेनात. चाकाला हात पोचवायला पुढे वाकावं, तर पाठीचा आधार सुटे. दारापर्यंत जाईतो त्या घामाघूम झाल्या.

"तुमच्या निम्म्या अंगाची पोरं आहेत," पाना म्हणाला.

"दुरुस्त करायला किती दिवस?"

"वेल्डिंगवाला दिलात तर पंधरा."

"दिला."

स्टेजवर बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "मोठ्यांना खुर्च्या आज मिळतील. मुलांसाठी चुकीच्या मापाच्या आल्यात. चूक माझ्या खात्याची, म्हणजे माझी. मिस्त्री घरी येऊन मापं घेतील."

एका मुलीचा बाप ताडकन उठला. "पहाटे निघालो, दोन गाड्या बदलल्या, पोरीला पाठीवर आणलं. आता हात हलवत परत जायचं?"

बाई खाली उतरून त्याच्याजवळ गेल्या, हात जोडले. तो काही निवळला नाही. पोरीला पाठीवर घेऊन तरातरा निघून गेला. पान्याला वाटलं, उगाच बोललो आपण. वर साहेबांनी लेखी खुलासा मागितला, तो वेगळाच.

घरी ताई म्हणाली, "राग येणारच त्याला. आधी त्याच्याच घरी जा."

पाना गेला. बाप दार उघडून तसाच आत निघून गेला. पोरीनं मात्र मापं घेताना हसून हसून टेप दोनदा हिसकावली. आठव्या दिवशी पाना खुर्ची घेऊन हजर. पोर तीत अशी चपखल बसली, की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पोर स्वयंपाकघराकडे निघाली आणि दारातच अडकली. जेमतेम दोन बोटांनी!

पान्यानं कपाळावर हात मारला. पोरीचं अंग मोजलं, दार मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं तिथूनच बाईंच्या कचेरीत फोन लावला आणि आपली चूक सांगितली.

"त्या दिवशी माझी, आज तुमची," बाई हसल्या. "अर्जातच मुलांच्या मापांना आणि दाराच्या रुंदीला जागा करू."

केलीही. वर्षाच्या आत बाईंचं खातं बदललं, त्यांच्यामागून आणखी दोन मंत्री येऊन गेले, अर्जातल्या त्या ओळी अजून तशाच आहेत.

पण त्या दिवशी फोन ठेवून पाना वळला, तेव्हा बाप त्याच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढत होता. दोघांनी मिळून दाराची फळी बिजागऱ्यांसकट उतरवली. तेवढी दोन बोटं मिळाली. पोर सुळकन आत गेली आणि खालच्या फडताळातला एकेक डबा उघडून बघायला लागली.

"झालं," आई म्हणाली, "आता माझ्या घरात काही म्हणून लपायचं नाही."

बाप पहिल्यांदाच हसला. पान्याला म्हणाला, "बसा मिस्त्री, चहा घेऊन जा."