पितळी स्टोव्ह घेऊन लालबागला

कणकवली स्टेशनवर रिक्षावाल्याने माझी पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "बाई, ह्यात काय लोखांड भरलास?" लोखंड नव्हतं, पितळ होतं. आईच्या वेळचा पंपाचा स्टोव्ह, आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. तो मी मुंबईला घेऊन निघाले होते.

लालबागच्या सुमनमावशीने तो मागवला होता. तिथल्या एका चाळीच्या तळमजल्यावर तिची खानावळ आहे, गिरण्या चालू असताना तिच्या सासूने सुरू केलेली. कुठल्याशा आखातात काहीतरी पेटलं, कच्च्या तेलाचा भाव चढला, आणि मावशीचा धंद्याचा मोठा सिलिंडर आधी महाग झाला, मग मिळेनासाच झाला. त्यात रविवारी शेजारच्या शीलाताई कांबळेंच्या मुलीचा, प्रज्ञाचा, साखरपुडा. जेवणाचा शब्द मावशीने केव्हाच देऊन ठेवला होता. "सिलिंडर नाय मिळालो तर काय करतलंय मी?" ती फोनवर म्हणाली. "माळ्यावरचो स्टोव्ह घेवन ये." मी शाळेत मराठी शिकवते, सुट्टी शिल्लक होती. आगळाच्या (कोकमाचा दाट रस) बाटल्या आणि स्टोव्ह घेऊन मी गाडीत बसले.

सकाळी दादरला उतरले. काळ्यापिवळ्या टॅक्सीचा पन्नाशीचा चालक मीटर टाकायला तयार होईना. मी आवाज चढवला, त्यानेही चढवला.

"मॅडम, मीटर जुन्या भावाचं आहे आणि गॅस नव्या भावाचा. मधलं अंतर मी कुठून भरू?"

"मग मी कुठून भरू?"

"ते तुम्ही बघा. मला कालपासून रांगेत उभं राहून हे एवढं भरून मिळालंय."

दोघांचंही खरं होतं, म्हणून मी दार उघडून आत बसले. परळला गाडी अडली. पेट्रोल पंपापासून निघालेली मोटरसायकलींची रांग पार सिग्नलच्या पुढे गेली होती. खिडकीशी उभ्या असलेल्या तरुणाला मी विचारलं, "पेट्रोल संपणार आहे का हो?"

"माहीत नाही, काकू. मेसेज आलाय ग्रुपवर. सगळे उभे आहेत म्हणून मी पण उभा राहिलो."

"तुमच्या टाकीत किती आहे?"

तो ओशाळला. "काल संध्याकाळीच फुल केली."

माझं डोकं तडकलं. भरलेल्या टाकीचा माणूस रांगेत उभा, आणि त्याच्यामुळे रिकाम्या टाकीचा माणूस चार वाहनं मागे. चालक वैतागून हसला. मीटर त्याने टाकलं नाहीच, पण माझी पिशवी मात्र चाळीच्या पायरीपर्यंत आणून दिली.

"इलंस गो?" मावशीने दारातच स्टोव्हवर झडप घातली. मला नंतर विचारलं. पंप मारून बघितला तर हवा धरेना, आतला चामडी वॉशर वाळून खडखडीत झाला होता. मावशी म्हणाली, गिरगावात एका गल्लीत स्टोव्हवाला आहे, तिचे यजमान त्याच्याकडेच जायचे. चहा पिऊन मी तशीच निघाले.

गिरगावात आधी पोटाची सोय केली. जुन्या उपाहारगृहात थालीपीठ मागवलं. भिंतीवरच्या दरपत्रकात प्रत्येक आकड्यावर कागद चिकटवलेला, त्या कागदावर आणखी एक कागद. थालीपीठ तळहाताएवढं झालेलं. लोण्याची गोळी बघायला चष्मा लावावा लागला. "थोडं लोणी द्या की," म्हटलं तर वाढपी म्हणाला, "जादाचं बिल वेगळं लागेल, चालेल?" वर कोपऱ्यातल्या टीव्हीवर कोट घातलेले चौघे तेलाच्या पिंपांवरून एकमेकांवर ओरडत होते. त्यांच्यापैकी एकाच्याही ताटातलं लोणी कमी झालेलं दिसत नव्हतं. मी अर्धं थालीपीठ रागारागातच खाल्लं.

स्टोव्हवाला सापडला. दुकानात आता मिक्सर आणि शेगड्या, पण वॉशरचा डबा त्याने टाकला नव्हता. त्याच्याकडे चक्क गर्दी होती. माझ्यासारख्याच तीन-चार बायका माळ्यावरचे स्टोव्ह घेऊन आलेल्या. म्हाताऱ्याने वॉशर तेलात भिजवून बसवला, बर्नर घासला, पिन मारली, पंप दाबून बघितला. "झालं. एकदम नवा. टाका रॉकेल आणि पेटवा."

मी त्याच्याकडे बघितलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं.

"रॉकेल कुठे मिळतं?" मी विचारलं.

"रेशनवर," शेजारची म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली. रेशनवरचं रॉकेल बंद होऊन किती वर्षं झाली, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"आठवडाभर स्टोव्ह दुरुस्त करतोय," म्हातारा म्हणाला, "आतापर्यंत कोणी विचारलंच नाही."

"अहो, मग तुम्ही तरी सांगायचं!"

"मी वॉशर विकतो, ताई."

मला त्याचा संताप आला, स्वतःचा आला, मावशीचा आला. आमच्या पिढीच्या बायकांच्या डोक्यात रॉकेल म्हणजे कोपऱ्यावर डबा घेऊन गेलं की मिळणारी वस्तू. घाबरलं की हात आपोआप माळ्याकडे जातो, आणि विचार मागून येतो. शिवाय रॉकेल तरी कुठलं? त्याच तेलातून निघालेलं. आगीतून फुफाट्यात उडी मारायला मी कोकणातून पितळ वाहून आणलं होतं.

मावशीला सांगितलं तेव्हा तिने स्टोव्ह पायानेच बाजूला सारला. मग म्हणाली, "शाळेत शिकवतंस ना गो तू?" मी म्हटलं, "आणि तू इथे चुलीपाशी जन्म काढलास ना?" थोडा वेळ आम्ही चांगल्याच भांडलो.

शनिवारी गॅसच्या एजन्सीत गेलो. काउंटरवरची मुलगी सांगून सांगून दमली होती, "सोमवारी या." मावशी तिच्यावर ओरडली. मुलगी रडवेली झाली. "आजी, माझ्या घरी पण नाहीये." परत येताना लोअर परळवरून आलो. तिथे एका टॉवरच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा होता आणि हॉटेलात एकामागून एक मोठे सिलिंडर जात होते. मावशी फूटपाथवर थांबून मान वर करून टॉवरकडे बघत राहिली. ओरडायचं होतं ते इथे. पण इथे ओरडायचं कोणावर? दारावरच्या वॉचमनवर? तोही बिचारा घरून डबा आणणारा. भाव कुठून तरी वरून येतो, त्याला तोंड नसतं, म्हणून आपण टॅक्सीवाल्यावर, काउंटरवरच्या पोरीवर, एकमेकींवर तुटून पडतो.

संध्याकाळी शीलाताई आल्या. त्यांचे वडील गिरणीतून सुटले की या खानावळीतच जेवायचे, म्हणून प्रज्ञाचं जेवण इथलंच हवं हा त्यांचा हट्ट होता.

"मावशी, मी केटररला विचारू का? खरंच सांगा. मला राग नाही येणार."

"केटरर काय चंद्रावरून गॅस आणतलो?" मावशी म्हणाली. "शब्द दिलाय तुला. जेवण इथलंच होणार."

शीलाताईंनी पदर खोचला आणि मजले चढायला सुरुवात केली. कोणाच्या घरच्या शेगडीवर एक टोप चढवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. पण घरचाही सिलिंडर पुढचा कधी मिळेल कोणालाच ठाऊक नव्हतं. काही दारं उघडली. एक दार उघडून परत बंद झालं. आतल्या बाईने हात जोडले होते, तिच्याकडे तान्हं बाळ होतं. तिला कोणी काही बोललं नाही.

रविवारी सकाळपासून चाळीच्या जिन्यावरून टोप वर-खाली होत होते. कोंबडीचा रस्सा पहिल्या मजल्यावर, वडे शीलाताईंकडे, भात दोन घरांत. सोलकढीला गॅस लागत नाही, तेवढीच एक गोष्ट निश्चिंत होती. पण खानावळीचा मोठा टोप घरच्या शेगडीवर बसत नाही, आणि लहान टोपांतून शिजून शिजून किती शिजणार? पहिली पंगत आनंदात उठली. प्रज्ञा अंगठी दाखवत फिरत होती. रश्शाची सगळ्यांनी तारीफ केली, मीही दोनदा घेतला.

या खानावळीचा एक रिवाज आहे. भात मोजून वाढत नाहीत. जेवणारा ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढायचं. सासूने मावशीला पहिल्या दिवशी शिकवलेलं ते हेच, आणि पुढे कितीही वाईट दिवस आले तरी ते तिने मोडलं नाही.

दुसऱ्या पंगतीत मुलाकडचे एक वयस्कर गृहस्थ हसत म्हणाले, "मावशी, या रश्शाला भात पाहिजे अजून. वाढा." मावशी टोप घेऊन गेली. डाव आत घातला, तो तळाला खरवडला. ती वाकलेली तशीच थांबली.

"भात संपलो," ती म्हणाली.

गृहस्थ चटकन म्हणाले, "अहो, पोट भरलंय, मी आपलं सहज म्हटलं." शीलाताईंनी मावशीच्या हातातून टोप घेतला. मावशी आत मोरीपाशी जाऊन उभी राहिली, तोंड फिरवून. मी मागे गेले तर म्हणाली, "माझ्या तोंडातसून आजवर कधी इला नव्हता ह्या." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, नुसता राग.

सोमवारी रात्रीच्या गाडीने मी निघणार होते. टीव्हीवर सांगत होते की तेलाचा भाव जरा उतरतोय, घाबरायचं कारण नाही. सिलिंडरही दुपारी आला, नव्या भावाने. मावशीने कपाटामागून एक फळी काढली आणि रंगाची डबी माझ्यासमोर ठेवली. "तुझं अक्षर बरं. लिही. भात एकदाच वाढला जाईल."

"मावशी, भाव उतरतोय म्हणतात."

"उतरो. तू सांगितलंस ते गिरगावातल्या भिंतीवरचे भावाचे कागद कोणी काढलेलं बघितलंस?"

बघितलं नव्हतं. जन्मभर फळ्यावर सुविचार लिहिले, तेवढ्याच सुवाच्य अक्षरात मी ती पाटी लिहिली. लिहिताना दात आवळलेले होते, तरी एकही वेलांटी वाकडी गेली नाही, आणि त्याचाही मला राग आला.

स्टोव्ह परत आणला. तिथे ठेवून तरी काय करणार होते? दादरहून निघालेली गाडी कणकवलीला पोचली, घरी आले, हातपाय धुतले. नखाशी लागलेला रंग काही निघाला नाही. सुनेने पान वाढलं. आमटी-भात, लोणचं. ताट संपत आलं तेव्हा तिने नेहमीसारखं विचारलं, "आई, भात वाढू अजून?"

भूक नव्हती. तरी म्हटलं, "वाढ." तिने वाढला. मी ताटावर आडवा हात धरला नाही. "अजून," म्हटलं, आणि शेवटच्या शितापर्यंत सगळा संपवला.