प्रत्येक स्क्रूचा वेगळा पेचकस

अमेरिकेत, हर्नडनमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काका गॅरेजमध्ये हौसेनं जुन्या बंदुका दुरुस्त करायचे. स्वतः मात्र त्यांनी कधी एक गोळी झाडली नव्हती. शिकारीला जाणारे आसपासचे लोक बंदुका आणून द्यायचे आणि काका प्रत्येक स्क्रूसाठी वेगळा पेचकस घासून बनवायचे. "टोक घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर खाच बिघडते," असं मान वर न करता म्हणायचे. मला बंदुकांची भीती वाटते, तरी मी जायचो.

एका शनिवारी मी पुण्याहून आणलेला कुकर घेऊन गेलो. त्याचं हँडल सारखं ढिलं व्हायचं. तेवढ्यात एका शिकाऱ्याचा फोन आला. त्याची बंदूक तेलपाणी होऊन भिंतीशी तयार उभी होती. काका त्याला इंग्रजीत म्हणाले, स्प्रिंग अजून आली नाही, पुढच्या शनिवारी चक्कर मार, चहा घेऊ. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

मग त्यांनी माझ्या स्क्रूसाठी पेचकस घासला आणि हँडल पक्कं केलं. मी पेचकस मागितला, तर त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

"हा इथेच राहू दे. ढिलं झालं की ये."

तीन महिने हँडल हललं नाही. शेवटी मीच बटरच्या सुरीनं स्क्रू ढिला केला आणि कुकर घेऊन गेलो. काकांनी ओरखडलेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. मग चहा ठेवला.