जासईतला माझा जाहीर सत्कार

समस्त मराठी जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की यंदाचे वर्ष साहित्याच्या इतिहासात अजरामर ठरणार आहे. यंदा माझे पहिले प्रवासवर्णन निघाले. इतिहासाने अजून दखल घेतलेली नाही, आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलेला माणूसही मला भेटलेला नव्हता. बायको तर प्रस्तावनेतच झोपली.

त्यामुळे पनवेलजवळच्या जासईहून ग्रंथपाल सुमनताईंचा फोन आला, "सर, तुमचं पुस्तक वाचलंय. आमच्या वाचनालयात बोलायला याल?" तेव्हा मी सांगलीहून निघालोच. वाचक पाहायला!

पनवेलच्या स्टँडवर वडापाव खाऊन रिक्षा केली. बंदराकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगेत आमची रिक्षा म्हणजे हत्तींच्या मिरवणुकीतला उंदीर.

"जासईत कुठं उतरायचा हाय, सायेब?"

"गर्दी दिसेल तिथे सोडा," मी ऐटीत म्हणालो. रिक्षावाल्याने बरोब्बर तिथेच सोडले.

केवढा मंडप! केवढी माणसे! माझे नाव आणि धंदा विचारून माइकवाला गरजला, "सांगलीचे लेखकसाहेब आलेले आहेत, त्यांनी सत्कार स्वीकारावा!" शाल मिळाली, नारळ मिळाला. धवलारीण (लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई) गात होती. स्वागतगीत समजून मी हात जोडून उभा राहिलो. एका मावशीने गालाला हळद फासली. लेखकाला मान द्यायची इकडची रीत असेल, म्हणून मी दुसरा गालही पुढे केला.

मग 'यंदाचे साहित्य' या विषयावर माइकवरून बोलू लागलो. पाटावर बसलेला एक पिवळाधमक तरुण टक लावून ऐकत होता. हाच माझा वाचक! न राहवून विचारले, "आवडलं का पुस्तक?"

"कंचा पुस्तक?" तो म्हणाला. "माजी हलद हाय, काका. जेवून जावा."

तेवढ्यात सुमनताई धापा टाकत आल्या. हळदीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा इकडे माइकवरून सत्कार करतात, हे त्यांच्याकडून कळले. वाचनालय मागच्या आळीत होते, खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. मी ओशाळून म्हणालो, "माफ करा, रस्ता चुकलो." त्या फोनवरची शुद्ध भाषा विसरून माइकसमोरच एक वाक्य बोलून गेल्या. सगळा मंडप हसला.

परतीच्या एसटीत मी कानामागची हळद पुसत होतो आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवून खुळ्यासारखा हसत होतो. इज्जत गेली होती, पण वाचक मिळाला होता. सुमनताई म्हणाल्या होत्या, "म्हंजे पुस्तकान पार शेवटच्या पानापरयंत दर गावाला रस्ता चुकता, ता खरा हाय! मना वाटला, थापा मारल्यात!"