धाकटीची पहिली तबकडी

माझ्या धाकट्या बहिणीची गाण्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा मी तिच्यासमोर उभी होते. आता हे मी कितीदा सांगितलं असेल, घरचे हसतात. हसू द्या. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या गावातून तबकडीवर गेलेली पहिली पोरगी माझी बहीण, मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

नागपूरला गाण्याची मोठी चढाओढ झाली होती. तिच्यात धाकटी पार शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. पहिला नंबर दुसरीच एक घेऊन गेली. पण तबकड्या काढणाऱ्या कंपनीचे मास्तर ऐकायला बसले होते, त्यांना हिचं रोवण्याचं, म्हणजे धानाचे परे, रोपं, लावतानाचं गाणं आवडलं. म्हणाले, तबकडीत हेच भरू. तबकडी भरायला नागपूरला निघालो तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, "जाय वो, नागपूरवाल्यायले परे लावाले शिकवून ये!"

कंपनीत बाबा बाहेर बाकावर बसले, आम्ही दोघी आत. भिंतींना जाड पडदे, मधोमध माईक, कोपऱ्यात सारंगी घेऊन बसलेला एक म्हातारा. धाकटीनं पहिली ओळ अशी सोडली की माझ्या अंगावर काटा आला. आणि मग थांबली. मास्तरांनी हात हलवला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प.

"अहो, थांबता कशाला? पुढे म्हणा की!"

धाकटी माझ्याकडं वळली. "बाई, ओळ कोणी झेलूनच नाई राह्यलं. मी पुढची कशी म्हनू?"

आता मास्तरांना हे काय कळणार! धानाच्या बांधीत, चिखलात, रोवणा चालतो तेव्हा एक बाई ओळ म्हणते आणि वाकलेल्या साऱ्या बाया ती झेलून परत म्हणतात. तेवढ्यात पहिलीनं श्वास घ्यायचा, पेंडीतले परे सोडवायचे, पुढची ओळ आठवायची. लहानपणापासून ती असंच गात आली होती. एकटीनं सलग म्हणायचं, हे तिच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. चढाओढीत तरी समोर बसलेल्या बायकांनी ओळ उचलली होती, म्हणून निभावलं.

बऱ्याच तबकड्या वाया गेल्यावर मास्तरांनी चष्मा काढला. "आता एकदाच. नाही जमलं तर पहिल्या नंबरवाली बाहेर बसलीय, तिचं गाणं घेतो."

धाकटीचे डोळे भरले. मी म्हटलं, "मास्तर, मी झेलतो ना ओळ."

"तुमचा आवाज नको. कंपनीला एकटीचं गाणं हवंय."

"आवाज नाई काढत. नुसतं तोंड हलवतो."

ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मी माईकच्या पलीकडं, तिच्या अगदी समोर उभी राहिले. तिनं ओळ म्हटली, मी ती ओठांनी झेलली, हू का चू न करता. तिनं श्वास घेतला आणि दुसरी ओळ आली, बांधीतल्यासारखी मोकळी. दुसऱ्या ओळीनंतर सारंगीवाल्या म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. माझ्या ओठांकडं बघत त्यानं ती मोकळी जागा सारंगीनं भरायला सुरुवात केली. गाणं संपलं तसा मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "झालं. हेच ठेवायचं."

तबकडी गावात आली ती मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ओसरीवर वाजली, कारण तबकडी वाजवायचा फोनो त्यांच्याकडंच होता. मधल्या कागदावर तिचं नाव छापलेलं. मी तेव्हा अक्षरं जोडून जोडून वाचायची, तरी ते मी मोठ्यानं वाचलं, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं.

भोंग्यातून धाकटीची ओळ आली. सारंगी सुरू होते न होते, तोच ओसरीखाली बसलेल्या साऱ्या बायांनी ओळ झेलली. सारंगी पार बुडाली.

मालगुजार ओरडले, "अवो बायांनो, चूप बसा ना! पेटीतल्या पोरीले म्हनू द्या!"

"तिले म्हनू देऊनच राह्यलो, मालक," आमची काकू म्हणाली, "आमी आमचं म्हनतो."

धाकटी खांबाला टेकून हसत होती, पदरानं डोळे पुसत होती. माय म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं, आणि पुन्हा तेच.

पुढं तिच्या आणखी तबकड्या निघाल्या, मोठमोठ्या वाद्यांच्या. पण त्या पहिलीतली सारंगी आमच्या गावानं आजवर धड ऐकलेली नाही.