डोंगरबाईंची सॅक

डोंगरबाई दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापून अर्धा करायच्या. का, तर तेवढंच वजन कमी. कंगव्याचेही दोन तुकडे, एक घरी आणि एक डोंगरात. साबणाची वडी सुरीने चिरून बोटाएवढी घ्यायच्या. माझी सासू ओटीवर बसून हे बघायची आणि म्हणायची, "येडी हाय गो ही बाय." मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

त्या रोह्याच्या शाळेत शिकवायच्या आणि आमच्या शेजारी, जवळच्याच वरसे गावात, दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. दरवर्षी मे महिन्यात हिमालयात जायच्या, म्हणून गावाने नाव ठेवलं डोंगरबाई. मी शिवणकाम करायची. चौथीपर्यंत शिकलेली. माहेर पेणजवळ खाडीकाठी, घरचे सगळे मिठागरावर. लहानपणी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, त्यामुळे ओझं कसं बसतं ते मला कळतं. बाई होत्या साडेचार फुटांच्या. बाजारातली सॅक त्यांच्या ढुंगणाखाली लोंबायची. मग मीच त्यांना ताडपत्रीच्या जाड कापडाची सॅक शिवून दिली. पट्टे अडकवायला पेणच्या बाजारातून लोखंडी कड्या आणल्या.

एप्रिल लागला की बाई जमिनीवर चादर पसरायच्या आणि न्यायच्या सगळ्या वस्तू तिच्यावर मांडायच्या. भंगारवाल्याकडून आकड्याचा काटा आणून एकेक वस्तू तोलायच्या. "पावशेर पावशेर करत माणूस वाकतो," असं म्हणत निम्म्या वस्तू परत कपाटात टाकायच्या. जे राहील ते धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत घालून रबर लावायच्या. लोकरी मोजे दोनच जोड, एक पायात आणि एक पिशवीत. त्यांच्याबरोबर पाचसहा जण असायचे, कुणी मास्तर, कुणी बँकेतले. त्यांच्या सॅकाही बाई स्वतः उपसायच्या. "हा तिसरा जोड कशाला? लग्नाला चाललास? काढ!" मोठी माणसं गुपचूप काढून ठेवायची.

सरावासाठी बाई सॅकेत मीठ भरायच्या. माझ्या भावाच्या मिठागरावरचं जाडं मीठ, दहा किलो. "दगड टोचतात, पाणी डुचमळतं. मीठ कसं पाठीला धरून बसतं," असं त्यांचं म्हणणं. ते घेऊन रोज सकाळी शाळेआधी टेकडी चढून यायच्या. सासू म्हणायची, "एवढं मीठ वाहायचं हाय तं मिठागरावर जा गो बाय, मजुरी तरी मिलंल." बाई हसून म्हणायच्या, "तिथे चढ कुठे आहे, आजी?"

सराव संपला की सॅक माझ्याकडे यायची. मीठ लोखंड खातं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी सॅक गोड्या पाण्यात तीनदा बुडवून धुवायची, शिवण उसवून कड्या बाहेर काढायची, घासायची, तेल लावायची आणि परत शिवायची. दोन दिवसांचं काम होतं.

बाईंना एक खिंड ओलांडायची होती. नाव त्या सांगायच्या, माझ्या लक्षात राहिलं नाही. दोनदा तिच्या पायथ्यापासून परत आल्या होत्या. एकदा बर्फ पडलं, एकदा बरोबरचा माणूस आजारी पडला. तिसऱ्या वेळी मला म्हणाल्या, "सेहेचाळीस संपली, सुमन. गुडघे कुरकुर करतात. यंदा नाही तर नाहीच." एवढ्या ओढीने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वर गेल्यावर पलीकडे काय दिसतं ते मला येऊन सांगणार होत्या.

त्या वर्षी नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं. हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींचे केस धरत होत्या. त्यात लग्नसराई, माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग. मी सॅक ओल्या फडक्याने पुसली, कड्यांचा बाहेर दिसतो तो भाग घासून तेल लावलं आणि वाळत टाकली. शिवण उसवली नाही.

न्यायला आल्या तेव्हा बाईंनी विचारलं, "कड्या बघितल्यास ना गं?"

"व्हय बाई, बघितल्या," मी म्हणाले.

खिंडीच्या अलीकडच्या चढावर उजवी कडी तुटली. सॅक पाठीवरून फिरली, हिसक्याने पट्ट्याचं दुसरं टोकही उसवलं, सॅक निसटली आणि बर्फाच्या उतारावरून खाली गेली. पायातले मोजे सकाळीच भिजले होते, कोरडा जोड सॅकेत होता. बरोबरच्यांनी पांघरूण दिलं, पण त्यांचेही मोजे भिजले होते, दुसरे जोड पायात चढले होते आणि तिसरे कुणाकडेच नव्हते. बाईंनीच काढून ठेवायला लावले होते. ओल्या मोज्यांनीच दोन दिवस चालत खाली आल्या. तिकडच्याच इस्पितळात डाव्या पायाची पाचही बोटं कापली, उजव्याची दोन.

महिन्याने घरी आणलं त्यांना. मी भेटायला गेले. पाय उशीवर, तोंड भिंतीकडे. खांद्यावर राहिलेला पट्टा त्यांनी तेवढा जपून आणला होता. म्हणाल्या, "माझंच चुकलं. जास्त भरलं मी. अर्धा किलो तरी जास्त असेल."

मी पट्टा हातात घेतला. कडीचा शिवणीत दडलेला भाग गंजून काडीसारखा झाला होता.

"भरलेलं जास्त नव्हतं बाई," मी म्हणाले. "मी शिवण उसवलीच नव्हती. कड्या आतून बघितल्या नाय."

बाईंनी पट्टा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

"व्हय."

"जा तू आता."

रागावल्या, आणि रागावणारच. त्यांचे ब्लाउज रोह्यातल्या शिंप्याकडे जाऊ लागले. रस्त्यात भेटल्या तर काठी टेकत पुढे निघून जायच्या. मीही हाक मारली नाही. काय म्हणून मारणार?

थंडीच्या दिवसांत एकदा आपणहून दारात आल्या. पिशवीतून चपला काढून मशीनवर ठेवल्या. "बोटं नाहीत, त्यामुळे पाय पुढे सरकतो. मागून पट्टी लाव. पडते मी."

मी फूटपट्टी घेऊन खाली बसले. त्यांनी पाय पुढे केला. तो पाय मी तेव्हा पहिल्यांदा उघडा बघितला. सासूने विचारलं, "दुखतंय का गो बाय?"

"थंडीत दुखतं, आजी."

"आपल्याकं कुठं थंडी?"

"आता मला इथेही वाजते," बाई म्हणाल्या.

मी पट्ट्या दुहेरी शिवल्या. बाई चपला घालून विहिरीपर्यंत जाऊन आल्या. "घट्ट आहेत."

"सैल करू?"

"नको. राहू दे."

खिंडीच्या पलीकडे काय होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांनी ते बघितलंच नव्हतं. पुढे बदली मागून त्या आपल्या सख्ख्या भावाकडे पेणला गेल्या. तिथून दरवर्षी पावसाळा संपला की कुणातरी ओळखीच्या माणसाबरोबर चपला यायच्या, कागदात बांधलेल्या. चिठ्ठी नसायची. मी पट्ट्या बदलून परत पाठवायची. मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी कळवलं नाही.

एका वर्षी चपला आल्या नाहीत. दिवाळी उलटून गेल्यावर मी पेणला निघालेल्या एका बाईला चौकशी करायला सांगितलं. ती संध्याकाळी येऊन म्हणाली, त्यांना जाऊन दोन महिने झाले.

पट्ट्या मी आधीच कापून ठेवल्या होत्या. त्या मापाचा पाय दुसऱ्या कुणाचा नाही.